टाके निघाले, सांगायचं राहिलं

शेतातलं काम, जनावरांचं चारापाणी, पोरांचा अभ्यास, सगळं उरकून तुम्ही ऐकायला बसला आहात. आजचं बोलणं इतिहासाचं आहे. पण यात राजे नाहीत आणि लढायाही फारशा नाहीत. आजारी माणसानं, त्यातही आजारी बाईनं, आपल्या ऑपरेशनची गोष्ट आपल्या तोंडानं कधी सांगितली आणि सांगितल्यावर तिच्या मनाला काय मिळालं, त्याचा हा इतिहास आहे.

आपल्याकडे बाई ऑपरेशन करून घरी आली की काय होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. आठ दिवस घर माणसांनी भरतं. कुणी नारळ आणतं, कुणी बिस्किटाचा पुडा. खर्च किती आला, टाके किती पडले, डॉक्टर कोण होता, हे सगळे विचारतात. मग एखादी सांगते, "आमच्या जावेच्या बहिणीचं असंच केलं होतं, ती काही उठली नाही बाई." पलंगावरची बाई ऐकून घेते आणि कसंनुसं हसते. तुला काय वाटतंय, असं मात्र तिला कुणी विचारत नाही. टाके निघतात, घर रिकामं होतं, बाई पुन्हा चुलीपुढे बसते आणि तिचं सांगायचं राहून जातं.

हे आजचं नाही. आपल्याच मातीतलं एक जुनं उदाहरण आहे. १७९२ च्या सुमाराला इंग्रजांची टिपू सुलतानाशी लढाई चालू होती. इंग्रजांच्या फौजेत कावसजी नावाचा एक मराठा बैल हाकायच्या कामावर होता, मूळचा शेतकरी. तो टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचं नाक कापलं आणि एक हातही तोडला. सुमारे वर्षभर तो तसाच, नाकाशिवाय राहिला. पुढे पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीतल्या एका माणसानं त्याच्या कपाळाची कातडी उतरवून त्याला नवं नाक बसवलं. इंग्रज डॉक्टरांनी हे डोळ्यांनी पाहिलं. १७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात त्याची हकीकत चित्रासकट छापून आली. ती वाचून वीस वर्षांनी, १८१४ मध्ये, जोसेफ कार्प्यू या सर्जननं लंडनमध्ये तसंच ऑपरेशन केलं. आज जगभरातले प्लास्टिक सर्जन ही गोष्ट शिकतात.

मेण कसं लावलं, कातडी कशी कापली, कशी वळवली, हे सगळं त्या हकीकतीत आहे. पण नाक नसताना कावसजी वर्षभर चारचौघांत कसा वावरला, नवं नाक पहिल्यांदा चाचपलं तेव्हा त्याला काय वाटलं, याबद्दल त्याच्या तोंडचा शब्द त्यात नाही. जखमेची नोंद राहिली आणि ज्याची जखम, त्याचं मन नोंदीबाहेर राहिलं.

आता एका बाईकडे येऊ. फॅनी बर्नी ही इंग्लंडमधली नावाजलेली कादंबरीकार. तिनं एका फ्रेंच सेनाधिकाऱ्याशी लग्न केलं होतं आणि ती पॅरिसला राहत होती. १८११ साली, वयाच्या ५९ व्या वर्षी, तिच्या उजव्या स्तनात दुखरी गाठ झाली. स्तन काढावा लागेल असं डॉक्टरांनी ठरवलं. त्यांच्यातला मुख्य होता लॅरे, नेपोलियनच्या फौजेचा प्रसिद्ध सर्जन. भूल देण्याचं औषध तेव्हा निघालेलं नव्हतं, हे ध्यानात ठेवा. ३० सप्टेंबरला दुपारी काळ्या कपड्यांतले सात पुरुष तिच्या खोलीत आले. तिला थोडं औषधी मद्य पाजलं, गादीवर निजवलं आणि तोंडावर तलम रुमाल टाकला. रुमाल इतका पातळ होता की त्यातून तिला सुरीची चमक दिसली. ऑपरेशन चालू असताना ती पूर्ण शुद्धीवर होती, मध्ये दोनदा तेवढी भोवळ आली. नवऱ्याला त्रास नको म्हणून तिनं त्याला तेव्हा घराबाहेर राहील असं पाहिलं होतं. ही तर आपल्याच घरातली रीत वाटते की नाही?

ती जगली. पण पुढे काय झालं ते ऐका. कित्येक महिने तिला या गोष्टीविषयी बोलता येईना. बोलायला लागलं की सगळं पुन्हा अंगावर घडतंय असं वाटायचं. शेवटी १८१२ च्या मार्च महिन्यात तिनं आपल्या मोठ्या बहिणीला, एस्थरला, पत्र लिहायला घेतलं. लिहिताना डोकं दुखायचं, लिहिलेलं परत वाचवत नव्हतं. थांबत थांबत ते पत्र जूनमध्ये पूर्ण झालं. एका पत्राला तीन महिने लागले.

मग लिहिलं कशाला? तिनंच कारणं दिली आहेत. एक म्हणजे माहेरच्यांना हे दुसऱ्या कुणाकडून उलटसुलट कळू नये, आपल्याकडूनच कळावं. दुसरं, घरातल्या बायकांपैकी कुणाला असा त्रास झाला तर तिनं आपल्यासारखी वाट पाहत बसू नये. आणखी एक गोष्ट त्या पत्रात आहे. ऑपरेशन संपल्यावर तिनं डोळे उघडले, तेव्हा तिला लॅरेचा चेहरा दिसला. तो तिच्याइतकाच पांढराफटक पडला होता आणि त्यावर रक्ताचे डाग होते. सुरी चालवणाऱ्यालाही वेदना होत होती, हे तिनं पाहिलं आणि लिहून ठेवलं. ज्या दिवशी ती नुसती गादीवर धरून ठेवलेली बाई होती, त्या दिवसाची ती लिहिताना साक्षीदार झाली. फॅनी पुढे १८४० पर्यंत जगली, ८७ वर्षांची होऊन गेली.

१८४६ मध्ये अमेरिकेत बोस्टनला ईथरची भूल देऊन ऑपरेशन झालं आणि काळ बदलला. वेदना थांबली. पण त्याबरोबर एक निराळी गोष्टही झाली. भूल दिलेला माणूस बोलत नाही. त्याच्यावर काय केलं ते दुसरेच सांगतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेतल्या हॉलस्टेड या सर्जननं स्तनाच्या कर्करोगासाठी मोठं ऑपरेशन रूढ केलं. त्यात स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठीही काढत. त्यानं गाठ पुन्हा येण्याचं प्रमाण कमी झालं. पण छाती खोल जायची, हात सुजायचा, वर उचलायला त्रास व्हायचा. हेच ऑपरेशन पुढे सत्तर-ऐंशी वर्षं चालत राहिलं. पुष्कळदा बाई टेबलावर झोपायची तेव्हा तिला एवढंच माहीत असायचं की गाठ तपासणार आहेत. तपासात कर्करोग निघाला तर त्याच भुलीत स्तन काढून टाकत. शुद्धीवर आल्यावर आपल्या हातानं चाचपून तिला कळायचं.

१९५२ मध्ये न्यूयॉर्कमधल्या तेरेस लॅसर या बाईंचं असं ऑपरेशन झालं. घरी गेल्यावर हात कसा हलवायचा, झंपर कसा शिवायचा, नवऱ्यापुढे कसं जायचं, हे सांगायला कुणीच नव्हतं. ज्या बाईवर हे होऊन गेलंय ती सोडून दुसरं कोण सांगणार, असं तेरेसबाईंना वाटलं. मग त्याच दवाखान्यात जाऊन नव्यानं ऑपरेशन झालेल्या बायकांना भेटू लागल्या. बरोबर व्यायामासाठी एक चेंडू, एक दोरी आणि चोळीत घालायला तात्पुरती गादी असायची. काही डॉक्टरांना हे आवडलं नाही, काही दवाखान्यांनी त्यांना दारातून आत घेतलं नाही. पण बायका त्यांची वाट पाहायच्या. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या कर्करोग संस्थेनं हे काम आपलंसं केलं आणि मग ते इतर देशांत पोचलं. पलंगाशेजारी उभी असलेली, नीटनेटकी, हात वर करून दाखवणारी बाई पाहिली की निजलेल्या बाईला न बोलताच कळायचं, यातून उठता येतं.

त्यातही एक उणीव होती. भेटायला येणाऱ्या बायांनी हसतमुख राहावं, रडगाणं गाऊ नये, अशी अपेक्षा असायची. अमेरिकेतली काळी कवयित्री ऑड्री लॉर्ड हिचा १९७८ मध्ये स्तन काढला. चोळीत नकली स्तन घालून सगळं पूर्वीसारखं दाखवायला तिनं नकार दिला. तशी ती तपासणीला गेली तर तिथल्या नर्सनं टोकलं, अशानं इतर बायकांचं मन खचतं. त्यावर १९८० मध्ये तिनं एक पुस्तकच लिहिलं. तिचा मुद्दा आपल्या कामाचा आहे. धीर देणं वेगळं आणि लपवायला लावणं वेगळं. लपवायला लावलं की प्रत्येक बाईला वाटतं, हे फक्त माझ्याच वाट्याला आलंय.

मधल्या काळात एक मोठी घटना घडली. ऑगस्ट १९७४ मध्ये जेराल्ड फोर्ड अमेरिकेचे अध्यक्ष झाले. दोन महिनेही झाले नव्हते, तोच त्यांच्या पत्नी बेटी फोर्ड यांच्या स्तनात गाठ सापडली आणि २८ सप्टेंबरला ऑपरेशन झालं. तोवर हा आजार म्हणजे कुजबुजत बोलायची गोष्ट होती. बेटीबाईंनी ती जाहीर सांगितली. देशभरातून त्यांना हजारो पत्रं आली. बायका तपासणीसाठी दवाखान्यांत येऊ लागल्या आणि त्या वर्षी कर्करोगाच्या नोंदी एकदम वाढल्या. आजार वाढला नव्हता, लपलेला आजार उजेडात आला होता. उपाध्यक्षपदासाठी नाव जाहीर झालेल्या नेल्सन रॉकफेलर यांच्या पत्नीचंही ऑपरेशन त्याच ऑक्टोबरात झालं. बेटीबाईंचं ऐकून त्यांनी स्वतःची तपासणी केली होती.

त्याच वर्षी रोझ कुशनर या पत्रकार बाईला गाठ झाली. तिनं डॉक्टरांना सांगितलं, आधी फक्त तपासणी करा, मला जागं होऊ द्या, मग काय करायचं ते मी ठरवीन. असं मान्य करणारा सर्जन शोधायला तिला पुष्कळ दारं झिजवावी लागली. आपली कहाणी आणि केलेली चौकशी तिनं १९७५ मध्ये पुस्तकात मांडली. १९७९ मध्ये अमेरिकी सरकारच्या आरोग्य संस्थेनं तज्ज्ञांची बैठक बोलावली, त्यात कुशनरबाईंनाही बसवलं. तपासणी आणि ऑपरेशन एकाच भुलीत उरकू नये, अशी शिफारस त्या बैठकीतून आली. १९८५ मध्ये बर्नार्ड फिशर या सर्जनच्या अभ्यासानं दाखवून दिलं की सुरुवातीच्या आजारात फक्त गाठ काढून किरणांचे उपचार दिले तरी बायका तितक्याच जगतात. अभ्यास डॉक्टरांचा होता. पण स्तन काढण्याआधी बाईला विचारायचं असतं, ही गोष्ट बायकांच्या सांगण्यानं पुढे आली.

आता मनाचं बघू. सांगितल्यानं बरं वाटतं, हे आपण म्हणतो, पण तपासून पाहिलं तर काय निघतं? १९८६ मध्ये अमेरिकेत जेम्स पेनेबेकर यांनी कॉलेजच्या मुलामुलींना चार दिवस रोज पंधरा मिनिटं लिहायला बसवलं. काहींनी साधंसुधं लिहिलं, तर काहींनी आयुष्यातला कठीण प्रसंग आणि तेव्हा काय वाटलं ते लिहिलं. लिहून झाल्यावर दुसऱ्या गटाला आधी उदासच वाटलं. पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. २००२ मध्ये अ‍ॅनेट स्टॅंटन यांनी स्तनाच्या कर्करोगाचे उपचार घेतलेल्या साठ बायकांबरोबर असाच अभ्यास केला. मनातलं खोलवरचं लिहिणाऱ्या बायकांच्या शरीराच्या तक्रारी कमी झाल्या. असे पुष्कळ अभ्यास पुढे झाले. त्यांतून दिसतं की फायदा होतो, पण तो थोडा असतो आणि सगळ्यांना सारखा नसतो.

गटाचंही तसंच. १९८९ मध्ये डेव्हिड स्पीगल या डॉक्टरांनी ८६ बायकांचा अभ्यास छापला. त्या सगळ्यांचा कर्करोग शरीरात पसरलेला होता. दर आठवड्याला गटात बसून बोलणाऱ्या बायका इतरांपेक्षा जवळजवळ दुप्पट काळ जगल्या, असं त्यात दिसलं. फार गाजावाजा झाला. पण २००१ मध्ये कॅनडात २३५ बायकांचा मोठा अभ्यास झाला, त्यात आयुष्य काही वाढलं नाही. मात्र गटात बसणाऱ्या बायकांचं मन हलकं झालं आणि वेदना कमी जाणवल्या. ज्या जास्त खचल्या होत्या त्यांना जास्त फायदा झाला. म्हणून मैत्रिणींनो, बोलण्यानं गाठ विरघळते असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, औषध सोडू नका. पण गाठीबरोबर जगणं बोलण्यानं सोपं होतं, हे खरं.

आणखी एक शिकण्यासारखं. अपघातानंतर लगेच माणसाला एकदाच बसवून सगळं बोलून टाक म्हणण्याचे प्रयोगही झाले. त्यांचा उपयोग झाला नाही, काहींना उलट त्रासच झाला. फॅनी बर्नीचं आठवा. तिला लिहायला सहा महिने थांबावं लागलं आणि लिहिलं तेही आपल्या बहिणीला. वेळ तिनं निवडली, ऐकणारी तिनं निवडली.

कॅनडात शिकवणारे समाजशास्त्रज्ञ आर्थर फ्रँक स्वतः हृदयविकार आणि कर्करोग या दोन्हींतून गेले. १९९५ च्या पुस्तकात ते म्हणतात की आजारी माणसाच्या गोष्टी साधारण तीन प्रकारच्या असतात. पहिली, "आजारी पडले, औषध घेतलं, आता बरी आहे." ही ऐकायला सगळ्यांना आवडते. दुसरी गोष्ट विस्कटलेली असते. "हे झालं, मग ते झालं, पैसे संपले, रात्री झोप नाही, काही कळत नाही." तिला शेंडा-बुडखा नसतो आणि ऐकणारा कंटाळतो. तिसरी, "या आजारात मला काही कळलं, ते मी घेऊन पुढे चाललेय." आपली चूक अशी होते की दुसरी गोष्ट सांगणाऱ्या बाईला आपण ओढून पहिलीत आणतो. "बरी होशील गं, देवाचं नाव घे," म्हणतो आणि उठतो. विस्कटलेलं आधी कुणीतरी विस्कटलेलंच ऐकून घ्यावं लागतं. त्यातूनच पुढचा धागा सापडला तर सापडतो.

आपल्या बायकांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. पहाटे जात्यावर बसून त्या मनातलं ओवीत घालत. सासरचं दुःख, माहेरची ओढ, गेलेलं लेकरू, सगळं जात्यापुढे निघायचं, आणि समोर खुंट्याला हात घालून बसलेली दुसरी बाई ते ऐकायची. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. जातं गेलं, गिरणी आली. पीठ लवकर मिळतं, पण ती ऐकण्याची जागा गेली.

ती जागा गेल्याची किंमत किती मोठी असते, ते बीडनं दाखवलं. तिथल्या ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या पिशवी काढण्याच्या ऑपरेशनांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला. खाडा झाला की दंड, फडावर संडास नाही, पाणी नाही, अंगावरून जातंय, आणि पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल अशी भीती. प्रत्येकीला वाटत होतं हे आपलं एकटीचं नशीब. एकेक बाई बोलली तेव्हा कळलं की गोष्ट सगळ्यांची एकच आहे. मग डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी समिती झाली. ८२ हजारांहून जास्त महिलांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. एकीचं बोलणं रडणं म्हणून सोडून देता येतं. तेरा हजार जणींचं बोलणं पुरावा होतं.

पिशवीबरोबर अंडाशयही काढलं असेल तर पाळी जाण्याचा सगळा त्रास बाईला कमी वयात एकदम सोसावा लागतो. अंगातून वाफा निघतात, झोप उडते, हाडं ठिसूळ होतात, मन उदास राहतं. घरचे म्हणतात, "ऑपरेशन होऊन वर्ष झालं, आता काय धाड भरलीय?" ती आळशी झालेली नसते. तिच्या शरीरात काय बदललं ते तिला कुणी सांगितलेलं नसतं आणि तिचंही कुणी ऐकलेलं नसतं.

म्हणून आपल्या गटासाठी चार साध्या गोष्टी सांगते. गटातली कुणी ऑपरेशन होऊन आली तर पहिल्या आठवड्यात भाकरी-कालवण पोचवा, धुणं-पाणी बघा आणि तिला निजू द्या. खरं भेटायला महिना-दीड महिन्यानं जा, घर रिकामं झाल्यावर. दोघीच जा. "बरी आहेस ना?" असं विचारलं की "हो" एवढंच उत्तर येतं. त्यापेक्षा "रात्री झोप लागते का गं?" असं विचारा आणि थांबा. ती गप्प राहिली तरी बसा. ती रडली तर रडू द्या, मध्ये आपल्या जावेच्या बहिणीची कहाणी काढू नका. तेच ऑपरेशन झालेली एखादी बाई जवळपास असेल आणि दोघींची तयारी असेल तर गाठ घालून द्या. तिनं सांगितलेलं तिच्या परवानगीशिवाय पाणवठ्यावर नेऊ नका, नाहीतर ती पुन्हा कुणापुढे तोंड उघडणार नाही.

आणि दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप नाही, जेवण नाही, कशातच मन नाही, जगणं नको वाटतं, असं असेल तर नुसत्या बोलण्यावर थांबू नका. तिला डॉक्टरकडे न्या. सरकारची टेली-मानस ही फोनसेवा १४४१६ या नंबरवर आहे, फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. हा नंबर गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

पुढच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब झाला की लगेच उठू नका. गेल्या वर्षभरात आपल्यातल्या कुणाकुणाचं ऑपरेशन झालं, तेवढं एकदा मोजा. मग त्यांतल्या किती जणींशी आपण टाके निघाल्यावर बोललो, तेही मोजा. जिचं राहिलंय, तिच्या घरी कोण दोघी जाणार ते तिथंच ठरवा.